काढायचे पैसे वेगळे

कय्युमचाचांच्या दुकानाला पाटी नाही. पांढरकवड्यात हायवेवरून आत वळलं की टायरवाल्याच्या शेजारून ठोक-ठोक आवाज येतो. तीच पाटी. आत चामड्याचा वास, बाभळीचा ठोकळा, लोखंडी साचा आणि त्यावर वाकलेले चाचा. जिनिंगच्या रोलरवर चढवायच्या चामडी चकत्या ते कापतात. सरकीपासून रुई ओढून काढायची ती या रोलरनंच. चकत्या झिजल्या की रोलर नुसता गरगरतो, कापूस तसाच.

"म्हणजे हे मशीनचे दात का, चाचा?" लहानपणी मी विचारलं होतं.

"दात नाई व पोरी, जीभ. जीभ घासली का चव गेली."

आमची आणि त्यांची भिंत एकच. माझी आई नलू आणि हजराबीचाची यांच्यात एक स्टीलची वाटी कितीतरी वर्षं येरझाऱ्या घालते आहे. इकडून आंबाडीची भाजी, तिकडून शेवया. ती वाटी रिकामी कधी परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, नाहीतर दोन हिरव्या मिरच्या. "रिकामं भांडं धाडनं म्हंजे दार लावनं," असं चाची म्हणते.

चाचांच्या चकत्या मात्र गावात कोणी घेत नाही. इथल्या जिनांमध्ये नवी मशीनं आली, त्यांचं माप वेगळं. जुन्या मापाची मशीनं अजून चालतात ती आफ्रिकेत. तिथं चाचांचं एकच गिऱ्हाईक, टांझानियातली नीमा.

गावातली जुनी जिनिंग बंद पडली, त्या वर्षी एका ठेकेदारानं चाचांना विचारलं होतं, "शिन्यांगाले येता का, फिटर म्हणून?"

"मले वाटलं शेगावच्या पुढं असंल कुठीतरी," चाचा अजून सांगतात. "हो म्हनलं. पासपोर्ट मांगतला तवा समजलं!"

मग ते उठून उभे राहतात आणि विमानातून उतरल्याची नक्कल करतात. एक हात कपाळावर, मान चारी दिशांना. "पाह्यतो त काय, कायी माती! कापूस! बाजूले गोरखचिंचेची झाडं, घरायेवढी जाडी! म्या म्हनलं, अबे, एवढं फिरवून आपल्याच केळापूर तालुक्यात आनून सोडलं का काय!"

मिलच्या फाटकाजवळ छत्रीखाली नीमा बसायची. तिकडं वडीलधाऱ्या बाईला आईच्या मानानं 'मामा' म्हणतात. हे ऐकल्यापासून हजराबीचाचीचं एकच पालुपद: "परदेशात जाऊन मामा भेटला, तोही लुगड्यातला!" मामा नीमाच्या एका हातात आल्याच्या चहाची किटली, दुसऱ्या हातात फोन. मजुरांचा पगार फोनात यायचा, तो घरी जायचा फोनातूनच, आणि रोख हवी असेल तर नीमा ती मोजून द्यायची. आपल्याकडं तेव्हा सुट्टे नसले की दुकानदार हातावर चॉकलेट ठेवायचा.

"म्या हजराले चिठ्ठीत लिवलं, इथं पैसे हवेत उडते."

"मले वाटलं ताप डोक्यात गेला यांच्या," चाची म्हणते.

चाचा रोज सकाळी तिला "शिकामो" म्हणायचे. तिकडं मोठ्यांच्या पाया पडायची ती शब्दांतली रीत. आणि ती म्हणायची, "मराहाबा, फुंदी." फुंदी म्हणजे कारागीर. "आपल्याले इथं कोनी कारागीर म्हनलं नाई," चाचा हळूच म्हणतात. "इथं मी कय्युम मिस्त्री. तिथं फुंदी होतो."

चाचा सहा हंगाम करून परतले. छत्रीवालीनंही धंदा बदलला. आता ती सुटे भाग विकते. चाचांच्या चकत्यांचे गठ्ठे घेऊन ती बसनं तुंडुम्याच्या सीमेवर जाते, पलीकडं झांबिया. पूर्वी तिथं नोटांची पुडकी घेतलेले दलाल अंगावर यायचे, निम्मा नफा त्या अदलाबदलीत जायचा. आता झांबियाचा जिनवाला त्याच्या फोनातून क्वाचा, म्हणजे त्यांचं चलन, देतो आणि नीमाच्या फोनात तिच्याकडचे शिलिंग पडतात.

"पैशाले आता पासपोर्ट नाई लागत," चाचा म्हणतात. "मालाले लागते. मानसाले त लागतेच."

चाचांचे पैसे मात्र इतकी वर्षं एका व्यापाऱ्यामार्फत यायचे. यंदा पहिल्यांदा ते थेट नीमाच्या फोनातून निघून पांढरकवड्याच्या बँकेत उतरले. उतरले ते उशिरा, आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त.

"चुकून आले असतील," चाची म्हणाली.

"चुकून नाई. उशीर झाला न तिले. त्याचं जोडून धाडलं दिसते."

"म्हंजे सूद? व्याज? तोबा! आपल्या घरात?"

"तेच म्हनून राह्यलो. पोराले सांग, वापस कर."

नागपूरला राहणाऱ्या जीशाननं, त्यांच्या मुलानं, वरचे पैसे 'व्याज नको' असं लिहून त्याच वाटेनं परत पाठवले. चाचांना फार हलकं वाटलं. आणि त्या दिवसापासून नीमा गप्प झाली. फोन केला तर उचलेना, निरोपाला उत्तर नाही. पुढच्या हंगामाच्या चकत्यांचा खोका कोपऱ्यात बांधून तयार. ते माप इथं कुणाच्या कामाचं नाही.

जीशानला निमित्त मिळालं. "अब्बा, बंद करा आता ते ठोकनं. टायरवाला जागा मागून राह्यला. देऊन टाका अन् इकडं या."

"हंगाम लागेपर्यंत थांब," चाचा म्हणाले. "तिचा फोन नाई आला, तर देतो टायरवाल्याले."

पण त्यांना दुकानाहून दुसरंच काही खात होतं. ठोकळ्याशी बसून ते मला विचारायचे, "पोरी, म्या काही वाईट बोललो असीन का तिले? मले त आठवत नाई."

एका दुपारी मी आंबाडीची वाटी घेऊन गेले. चाचीनं भाजी काढून घेतली, वाटी धुतली, पदरानं पुसली आणि सवयीनं तिच्यात चिमूटभर साखर टाकली.

"थांब," चाचा म्हणाले.

"काय झालं?"

"ते काय टाकलं तू?"

"साखर. आज पाह्यली का काय पहिल्यानं?"

चाचा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "हजरा, म्या तिकडं काहामा गावाले मशीन जोडाले गेलतो, तवा मलेरिया झालता. आठवते?"

"इसरीन कशी? चिठ्ठीत 'सर्दी झाली' लिवलं होतं तुमी."

"खिशात दमडी नाई. नीमानं फोनातून पैसे धाडले. दवाईचे धाडले अन् वर थोडे जास्त. म्या इचारलं, हे कायचे? त म्हने, काढायचे. तिथं फोनातले पैसे हातात घ्याचे असले का दुकानदार त्यातून आपला काप घेते. मंग आपल्या मानसाले धाडताना ते काढायचे पैसे वरून जोडते लोक. नाई जोडले त चालते. पन ते परक्याचं धाडनं झालं. मले म्हने, ताप आलेल्या मानसाले कापून देऊ काय मी?"

चाचीनं वाटी खाली ठेवली. बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप तेवढा फुसफुसत होता.

"बँकेतून काढाले पैसे लागत नाई, हे तिले काय माहीत," चाचा म्हणाले. "म्या तिची वाटीतली साखर झटकली, हजरा."

"झटकली असती त चाललं असतं," चाची म्हणाली. "तुमी साखरेले व्याज म्हनलं."

मग सुरू झाला निरोपाचा प्रयोग. चाचा फोन तोंडासमोर धरायचे, घसा साफ करायचे, दोन शब्द बोलून पुसून टाकायचे. कधी सुरुवात फार लांब, कधी स्वाहिलीत अडखळून गाडी हिंदीवर.

"निकाहच्या वक्ताले एवढे नव्हते अडखयले," आतून चाची.

"तवा एकच शब्द बोलाचा होता!"

शेवटी गेला तो निरोप अगदी लहान होता. "शिकामो, मामा नीमा. फुंदी बोलतो. बुढ्ढा झालो. काढायचे पैसे इसरलो."

तिनं तो ऐकला, एवढं फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही.

मग चाचांनी बांधलेला खोका सोडला. प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर एक-एक जास्तीची चकती ठेवली, निवडून, सगळ्यात चांगल्या चामड्याची. बिलात तिचा उल्लेख नाही. खोका पुन्हा बांधला आणि रवाना केला.

जीशान फोनवर ओरडला, "मागनी नाई, कबुली नाई, अन् माल धाडला? तिनं घेतलाच नाई तर?"

"त वाटी तिच्या दारात राहीन," चाचा म्हणाले. "रिकामी त नाई न गेली?"

त्यानंतर दुकानात ठोक-ठोक नव्हती. भिंतीपलीकडून तो आवाज येत नाही म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळलं. आई भाकरी थापताना मध्येच हात थांबवून कान द्यायची. इकडं शेतांत वेचणी सुरू झाली, रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसू लागल्या. टायरवाला एक दिवस फूटपट्टी घेऊन आला आणि काही न बोलता दुकानाची रुंदी मोजून गेला. चाचांनी त्यालाच चहा पाजला.

आणि मग एका सकाळी फोन वाजला. चाचांनी तो स्पीकरवर टाकला. त्या दोघांची बोली म्हणजे स्वाहिली-हिंदीची खिचडी. चाचांनी नंतर मला सांगितली, तशी लिहिते.

"फुंदी!" दुआ नाही, सलाम नाही. "माल आला. मी मोजला. जास्त आहे."

चाचा उभे राहिले. "हो, ते..."

"व्याज पाठवलंस का?"

"नाही, मामा, खुदा की कसम..."

"मग परत पाठवू?"

चाचांनी चाचीकडं पाहिलं. आणि मग पलीकडं ती हसली. पोटातून, खदाखदा. मागं कुठल्यातरी बसचा भोंगा वाजत होता.

"मला वाटलं, फुंदीला आता माझा चहासुद्धा मोजून लागतो," ती म्हणाली. "फार वाईट वाटलं रे."

"शिकामो, मामा," चाचा म्हणाले. एवढंच.

"मराहाबा."

चाचांनी डोळे बाहीला पुसले. दारातून चाची कुजबुजली, "इचारा न, चहात अद्रक टाकते का अजून?"

चाचांनी विचारलं.

"आता चहा विकत नाही मी. पण घरी करते. तुझ्या वरच्या चकत्या झांबियाला नाही देणार हं. एक किटलीखाली ठेवली आहे, टेबल जळतं."

"तीच किटली? छत्रीखालची?"

"मग? किटली कोणी बदलतं का?"

पुढच्या मालाचं बोलणं पाच वाक्यांत आटपलं. चाचांनी फोन खिशात टाकला. मग ठोकळ्याशी बसले, साचा पुसला आणि पहिला घाव घातला. भिंतीपलीकडून आईनं हाक मारली, "अहो भाऊ, आला का फोन?"