हौदातली काळी पिल्लं

हसायचं असन त आत्ताच हसून घ्या, राजेहो! मधात कोणी फिदीफिदी केलं त मी उठून जाईन. कावून का, ही गोष्ट माया घरची हाये, अन् हिच्यात मायाइतका गाढव दुसरा कोणी नाई. बैलं हायेत, पण ते शहाणे हायेत.

तो कापसाच्या तेजीचा काळ. सात समुद्रापल्याड कुठी तरी लढाई लागली अन् इकडे वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती, तो बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या लावून फिरे! मी माळी माणूस. अमरावतीच्या परकोटाबाहेर माया मळा, वांगी, मिरची, झेंडू. लोक म्हणत, "पुंजाजी, तूई कापूस लाव ना बे!" मी म्हणो, "सारेच कापूस लावतीन त भाजी काय रुईची करून खासान?"

पण पैसा आला की शौकही येते. मी ज्याइच्या घरी फुलं देत जावो, त्या शेटजीच्या गाड्या कापूस घेऊन मुंबईले गेल्या अन् येताना काचेच्या बरणीत सोनेरी मासे घेऊन आल्या. चीन देशातले म्हणे! झालं. ज्याच्या घरी हौद, त्याले मासे पाहिजे. अमावस्येले बैलाइले सुटी रायते, त त्या दिवशी दुपारी शेटजीच्या बागेत हौदवाल्याइची बैठकच भरू लागली. कोणाचा मासा मोठा, कोणाचा लाल, कोणाच्या शेपटीले झालर. मोठी मोठी माणसं, अन् लेकरावानी भांडत!

माया लग्नात शेटजीनं एक सोनेरी जोडी देल्ली, ते मी मळ्यातल्या हौदात सोडली. अन् तवापासून मीई त्या बैठकीत बसू लागलो.

माई बायको सारजा. अंजनगावच्या पानमळेवाल्याची लेक. तिले त्या माशाइचा भलता लळा लागला. दिवसभराची मोट थांबली की आमी दोघं हौदाच्या काठावर बसो. ती कणकेच्या बारीक गोळ्या टाके अन् माशाइशी बोले. मी तिच्याकडे पाहत राहो. दुसरं काई करायची गरजच नसे.

मंग तिले दिवस गेले. पयलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सासरे गाडी घेऊन आले. जाताना ती हौदाजवळ थांबली अन् म्हणली, "पिल्लं झाली त नीट सांभाळजा. मी येऊन पाहीन."

ती गेली अन् राजेहो, मळा खायले उठला! वांग्याचं पाणी मिरचीले देऊन टाको. भाकर केली त एकीकडून कच्ची अन् दुसरीकडून कोळसा. संध्याकाळी हौदावर एकटाच बसो अन् अंजनगावच्या वाटेकडे पाहो. बरं, उठून जावं त बोलावल्याबिगर जवायानं सासुरवाडीले जाणं म्हणजे गावभर हसू. अन् बायकोची याद येते हे त्या काळी कोणाजवळ बोलायची सोय होती काय? आताही नाई. पण मी सांगून राहिलो ना, लय याद ये तिची. कणकेच्या गोळ्या मी केल्या त त्याही तिच्यासारख्या गोल होत नसत.

फागुनात हौदात पिल्लं झाली. मी धोतर सावरत धावलो. वाकून पाह्यलं त काय! सारी मातीच्या रंगाची. काळपट! बाप सोनेरी, माय सोनेरी, अन् पोट्टे नाल्यातल्या गाळावानी!

मी हौदात डासाइसाठी पूर्णा नदीचे बारीक मासे सोडले होते. मनात पाल चुकचुकली. बैठकीत गेलो. शेटजी त मुंबईले गेलेले. अकोल्याचे बापूसाहेब तक्क्याले टेकून बसले होते. त्याईच्या हौदात फक्त नदीचे मासे. चिनी माशाइचं नाव काढलं की त्याईच्या मिशा थरथरत.

"मी पयलेपासून सांगून राहिलो ना!" बापूसाहेब गरजले. "हे मासे माणसानं निवडू निवडू बनवले. देवानं घडवले ते नदीतले. आपल्या मंडळीत नदीचेच मासे पाहिजे!"

शेटजीचे मुनीम म्हणले, "वा बापूसाहेब! मंग तुमचा बैल काय जंगलातून धरून आणला? तोई माणसानं निवडूनच पैदा केला ना?"

"बैल कामाचा हाये! तुमचा मासा कोणतं वखर ओढते?"

असं चाललं होतं अन् मधातच मी माया काळ्या पिल्लाइची गोष्ट सांगतली. बापूसाहेबानं मांडीवर थाप मारली. "मिसळ झाली! पूर्णेचा रंग उतरला!"

सारे मायाकडे पाहू लागले. आता शहाण्या माणसानं गुपचूप सुपारी चावत बसावं की नाई? मी उठून उभा राहिलो! कोणी उठ म्हटलं होतं काय? नाई! "चिनी ठेवा, नदीचे ठेवा," मी ओरडलो, "पण मिसळीचा मासा या मंडळीत घ्यायचा नाई! अस्सल त अस्सल!"

वाहवा झाली. नेम ठरला. बापूसाहेबही नरमले अन् म्हणले, "नदीच्या रंगाचे पिल्लं हायेत त मले द्या. फेकू नका." मी सारी पिल्लं घागरीत भरून त्याईच्या हवाली केली. गेली अकोल्याले.

तेवढ्यावर थांबलो असतो त बरं होतं. पण दोष कोणाचा हे ठरवायचं होतं ना! अन् असा सवाल आला की आपल्या इकडे जवाब तयारच असते: मायचा! मी मादीले हौदातून काढलं अन् मातीच्या डेऱ्यात टाकलं. तिकडे हौदात नर उपाशी, इकडे डेऱ्यात मादी उपाशी, अन् मधात मी, तोई उपाशी. जोडी तोडली की काय होते हे माया घरात दिसून राहिलं होतं. पण डोळे असून काय उपयोग?

चैतात सखाराम गाडीवान अंजनगावच्या बाजारातून निरोप घेऊन आला. "पुंजाजी, साखर वाट! लेक झाली. मायलेकी खुशाल हायेत."

"कशी हाये रे?"

"सावळी हाये. नाक तुयं हाये, आता त्याले कोण काय करते!"

मी खुशीनं अर्धा डबा साखर एकट्यानंच खाल्ली. अन् सखाराम पुढच्या बाजाराले निघाला तवा सारजाले निरोप धाडला. मले वाटलं, तिले माशाइची काळजी असन. म्हणलं, "सांग तिले, चिंता करू नको. पिल्लं झाली होती, पण काळी निघाली, म्हणून देऊन टाकली. मादीत खोट होती, तिले येगळं काढलं. बाकी सारं ठीक."

हसू नका म्हटलं ना!

सखाराम परत आला तवा मायाकडे न पाहता बैलाच्या वेसणीले हात लावत बोलू लागला. "वहिनीनं सांगतलं, 'लेकरं काळी निघाली म्हणून देऊन टाकणारा अन् मायले घराबाहेर काढणारा माणूस तिकडे हाये. अन् माया मांडीवर काळी लेक हाये. मी काई येत नाई.'"

"अरे पण ते मासे होते!"

"मीई तेच म्हणलं. त्या म्हणल्या, 'मासेच होते म्हणून त त्याइच्या मनातलं खरं काय ते समजलं.'"

आता बोला! मी धावत जाऊन मादीले हौदात सोडलं. पण निरोप थोडाच वापस येते? पावसाळा लागला. काळ्या मातीनं गाड्याइची चाकं धरली, वाट बंद. लेक हसू लागली असन, कुशीवर वळू लागली असन, अन् मले तिचं तोंडही ठाऊक नाई. रोज संध्याकाळी हौदावर बसो. ते दोन मासे सोबत फिरत, अन् मले त्याइचाही राग ये.

दसऱ्याच्या आगेमागे बैठक भरली. बापूसाहेब बरणी घेऊन आले अन् मधोमध ठेवली. आत झगझगीत सोनेरी मासे!

"पाह्य, पुंजाजी! तुयेच काळे पिल्लं! पूर्णेच्या पाण्यानं सोनं झालं. आता हे अस्सल वऱ्हाडी!"

शेटजी पोट धरून हसू लागले. "अरे भाई, ये तो सब काले ही पैदा होते हैं! रंग तो बाद में चढ़ता है!"

"मंग तवा कावून नाई सांगतलं?" मी रडकुंडीले आलो.

"मैं तो बंबई में था!"

मुनीम म्हणले, "म्हणजे मिसळ कोणाचीच नव्हती. खोट फक्त पुंजाजीच्या डोक्यात!" पण मले त्या टवाळीचं काई नव्हतं. मले अंजनगाव दिसून राहिलं होतं. मी बापूसाहेबाइचे पाय धरून ते मासे मागून घेतले.

"दोन-तीन काळेच राहिले," बापूसाहेब म्हणले. "ते अकोल्याले हायेत."

"राहू द्या तिकडेच!" मी म्हणलं. पाह्यलं, अक्कल कशी चालते?

बिनबोलावता सासुरवाडीले गेलो. वाटेत प्रत्येक विहिरीवर घागरीचं पाणी बदललं. सासरे दारात पान लावत बसले होते. "जवाईबापू? असे अचानक?" आतून सारजा आली. कडेवर लेक. किती महिन्यानं दिसली ती! वाळली होती. मले वाटलं, काईच बोलू नाई, नुसतं पाहत राहावं.

तसं केलं असतं त! पण मी घागर पुढे केली अन् ओरडलो, "पाह्य सारजा! सोनेरी झाले! अस्सल निघाले!"

ती घागरीत नाई, माया तोंडाकडे पाहत राहिली. "अन् काळेच राहिले असते त आले असते काय तुमी?"

मी घागरच आणखी पुढे केली.

"सारेच झाले सोनेरी?"

"नाई, दोन-तीन काळेच राहिले. ते मी अकोल्यालेच ठेवले."

सासऱ्यानं कपाळाले हात लावला. सारजानं घागर घेतली. "हे इथीच राहतीन. तुमी जा अन् ते काळे घेऊन या. मंग बोलू."

लेकीच्या गालाले बोटही लावू देल्लं नाई! गाडी अकोल्याकडे हाणली. काळे मासे मागताना बापूसाहेबाइनं इचारलं, "आता हे कावून?" म्हणलं, "सांगण्यासारखं नाई." परत अंजनगाव. बैलं मायाकडे मान वळवू वळवू पाहत.

सारजानं घागरीत वाकून पाह्यलं अन् पयल्यांदा हसली. मंग लेक माया हातात देल्ली. जांभळावानी सावळी, टपोऱ्या डोळ्याची. तिनं मायं बोट धरलं अन् सोडेचना. माया डोळ्याले धारा लागल्या, सांगायले काय लाज!

सासूनं ओटी भरली, सासऱ्यानं पानाची टोपली देऊन सारजाले गाडीत बसवलं. मागे सारजा, तिच्या मांडीवर लेक, बाजूले काळ्या माशाइची घागर. बांगड्याइचा आवाज येऊन राहिला होता. इतके महिने मी ह्याच आवाजासाठी झुरलो होतो. सकाळचं कवळं ऊन पोरीच्या तोंडावर पडलं. मले वाटलं, सारजाले खूश करावं, काई तरी गोड बोलावं. मी मागे वळलो.

"सारजा, पाह्य ना! आपल्या पोरीचाही रंग उजळून राहिला!"

बांगड्या थांबल्या.

"गाडी फिरवा."

फिरवावीच लागली, राजेहो. मी त कासराही ओढला नव्हता, बैलाइनंच वळवली.