नाखव्याचं खरं नाव

करंजाहून पनवेलला निघाले त्या दिवशी आईला माझ्या कपड्यांच्या बॅगेपेक्षा कागदांच्या फाईलची काळजी जास्त होती. "मांडीवरच ठेव, कागद गेले तर सगलंच गेलं," असं तिने चारदा सांगितलं. मोठी आय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मोठी आय म्हणजे माझ्या वडिलांची आजी. तिची शंभरी उलटली असं गावात म्हणतात, पक्कं कोणालाच ठाऊक नाही. मी पाया पडले तेव्हा तिने विचारलं, "होडीनं जाशील का मोटारीनं?"

तिचं पनवेल होडीचंच. चिरनेरहून लग्न होऊन करंजाला आली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. पुढे कित्येक वर्षं सुक्या मासळीची टोपली घेऊन ती पनवेलच्या बंदरात उतरायची आणि तिथून चालत आपटा गावापर्यंत जायची. बोंबील द्यायचे, तांदूळ घ्यायचे. सात मुलं झाली, तीन जगली. त्यांतले माझे आजोबाही तिच्या डोळ्यांदेखत गेले. हे सगळं ती शेजारच्या घरातलं असल्यासारखं सांगते. आमच्यात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे घर सोडणारीही मीच पहिली, असा माझा उगाच समज होता.

पनवेलला आम्ही तिघी एका रूममध्ये राहतो. लेक्चर, सबमिशन, मेसचा डबा. सुरुवातीला वर्गात माझ्या तोंडून "नाय" निघायचं आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसायचं. आता गावी "नाही" म्हटलं की काकू म्हणते, "आली बघा पनवेलची मॅडम." तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे दोन्हीकडचं हसणं माहीत असेल. गावात राहिलेल्यांना कसं सांगायचं, ते मला अजून जमत नाही.

माझा प्रवेश राखीव जागेवर झाला. जातपडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर तो रद्द होणार होता. वंशावळ लिहायची, पणजोबांची जुनी नोंद जोडायची. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांच्या वडिलांचं, म्हणजे पणजोबांचं नाव होतं, "नाखवा". तहसील कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अगं, नाखवा म्हणजे होडीचा प्रमुख. ते नाव कसं होईल? खरं नाव सांग, त्याशिवाय जन्माच्या नोंदवहीत शोधणार काय?"

बाबांना ते नाव माहीत नव्हतं. गावात कोणालाच नव्हतं. सगळे त्यांना नाखवाच म्हणायचे. माहीत होतं फक्त मोठ्या आयला, आणि तिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं.

तोपर्यंत त्या खिडकीशी माझ्या सहा फेऱ्या झाल्या होत्या. रविवारी गावी गेले. काकू हसत म्हणाली, "मोठे आय, उखाण्यात घे गो!" मोठी आय फणकारली, "तुजा नवरा हाय ना समोर बसलेला? तू घे." सगळे हसले. मीही हसले. पणजोबांना जाऊन साठ वर्षं झाली असतील. कोणाला उखाणा घ्यायला सांगतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

मग मी तिच्याजवळ बसून सगळं समजावलं.

"नाव नाय मिलालं तं काय करतील?"

"कॉलेज सुटेल."

"मंग तू घरी येशील?"

"हो."

"मंग बरं हाय की," ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते बरंच वाटलं. इतकी दमले होते मी.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आपल्यातनं आजून कोन जातं कालेजात?"

"कोणीच नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. मोठं माणूस समोर आल्यावर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला. "जोमा," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "जोमा हिरू. लिव." आणि पाणी मागून तिने चूळ भरली.

नोंदवहीत ओळ सापडली. प्रमाणपत्र मिळालं, प्रवेश टिकला. वंशावळीत वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांचीच नावं आहेत. ज्या बाईमुळे ती पुरी झाली तिचं नाव कुठेच नाही, याचं मला वाईट वाटत होतं. फोनवर तिला तसं म्हटलं तर तिलाच नवल वाटलं. "मी कशाला त्यात? मी चिरनेरची."

एवढी वर्षं करंजात काढून ती अजून चिरनेरची आहे. मी पनवेलला येऊन जेमतेम वर्ष झालंय. गाव कुठलं, असं कोणी विचारलं की मी करंजा सांगते, आणि करंजाला गेले की परतीची एसटी किती वाजता ते बघते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा शीण येतो.

आता ती दर रविवारी संध्याकाळी काकूला माझा नंबर लावायला लावते. जेवलीस का, अभ्यास झाला का, हे विचारून झालं की म्हणते, "त्या कागदावर काय लिवलंय, वाच." तिने स्वतः ते नाव पुन्हा कधी उच्चारलेलं नाही. मी रूमबाहेर जिन्यात उभी राहून वाचते, "जोमा हिरू." मग ती म्हणते, "परत." दुसऱ्यांदा मी सावकाश वाचते, कारण त्यानंतर ती फोन ठेवते.