सिदूच्या आईचा मायना

त्या दिवशी भर वर्गात, फळ्यावर, मी स्वतःला मारून टाकलं.

सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला भाषा शिकवत होतो. विषय पत्रलेखन. पत्राच्या डोक्यावर, ज्याला लिहायचं त्याच्या मानाप्रमाणे जे शब्द घालतात, त्याला मायना म्हणतात. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. बाईचा नवरा हयात असेल तर सौभाग्यवती, नसेल तर गंगाभागीरथी. आधी मी एका विधवा आत्याला पत्र लिहून दाखवलं. मग नवऱ्यानं बायकोला कसं लिहावं ते दाखवायला फडकं फिरवलं. ते फिरलं अर्ध्याच ओळीवर. ‘गंगाभागीरथी’ शाबूत राहिलं, त्यापुढे मी वळणदार अक्षरात आमच्या कुटुंबाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाव घातलं आणि खाली माझी सही ठोकली.

मग पुढच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, तुमी ग्येलासा की.”

सगळे हसले. मीही हसलो, अंगावर खडू सांडत फळा पुसला. एक सिदू तेवढा हसला नाही.

सिदू करकंबचा. आई गावी दुसऱ्यांच्या शेतात राबायची आणि हा मामाकडे राहून शिकायचा. मामा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, कामाला. शाळा सुटल्यावर सिदू मागे थांबला.

“गुरुजी, ज्येचं कायबी ठावं न्हाय, त्येच्या बायकूला काय लिवायचं?”

“म्हणजे?”

“आमचा बा बसऱ्याला ग्येला. लढाईत, वझी उचलाय.”

बसरा म्हणजे दूर इराकातलं बंदर, आणि पहिल्या महायुद्धाची ती लढाई संपून कैक वर्षं झाली होती. बाप परतला नव्हता. सरकारकडून मेल्याचा कागद नाही आणि त्याचं स्वतःचं पत्रही नाही. चुलता म्हणायचा, गेला, आता वहिनीनं कुंकू पुसावं. आई म्हणायची, कागद दाखवा, मग पुसते. आणि सिदूची पत्रं गावात चावडीवर मोठ्यानं वाचली जायची. तो मायना चार लोकांच्या कानावर पडणार होता.

“सौभाग्यवती लिही,” मी म्हणालो. दुसऱ्याच्या घरचा प्रश्न सोडवायला मला कधी वेळ लागत नाही.

“आन् बा मेल्याला असला तर? देवाची चेष्टा केल्यागत व्हतंय. दुसरं लिवलं तर म्या माज्या हातानं तिचं कुकू पुसलं.”

“मग आत्तापर्यंत काय लिहीत होतास?”

“आईस. निस्तं आईस.”

हे हेडमास्तरांच्या कानी घालणं भाग होतं. वार्षिक परीक्षेला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, जातीनं यायचे, आणि ‘आईस खुशालीचे पत्र’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

“नुसतं आईस चालायचं नाही,” हेडमास्तर म्हणाले. “मायना पुरा हवा. तीर्थरूप सौभाग्यवती मातोश्री, नाहीतर तीर्थरूप गंगाभागीरथी मातोश्री. दोहोंपैकी एक.”

“आणि दोन्ही ठाऊक नसेल तर?”

“मास्तर, तिसरी बाई व्याकरणात नाही.”

सिदू मराठीत कच्चा होता. बोलीतलं लिहायचा आणि माझी लाल शाई खायचा. मायन्याचे मार्क गेले तर नापास होण्याची भीती. नापास झाला की नादारी, म्हणजे फीमाफी, बंद. मामानं तर मला रस्त्यात गाठून सांगितलं, “नापास झाला की म्या त्येला मिलात घालनार, गुरुजी. साचा कुनाच्या बापाची वाट बगत न्हाय.”

मी जुनी काव्यं धुंडाळली. त्यांत वाट पाहणाऱ्या बायका भरपूर, आणि त्यांना एक भारदस्त शब्दही सापडला, प्रोषितभर्तृका. जिचा नवरा परमुलखात गेला आहे ती. मी हरखलो. दुसऱ्या दिवशी सिदूला तिसरी बाई फळ्यावर लिहून दाखवली, फोड करून सांगितली.

त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. “चावडीवर ह्ये कोन वाचनार, गुरुजी? आईला वाटंल, शाळंत घालून पोरगं शिव्या द्याय शिकलं.”

मी शब्द पुसला. या खेपेला पूर्ण पुसला.

परीक्षेच्या दिवशी दिपोटीसाहेब आले. प्रश्न तोच निघाला. पेपर तपासता तपासता साहेबांनी सिदूला उभं केलं. हेडमास्तर खुर्चीमागे, मी दाराशी. सिदूनं लिहिलं होतं ‘तीर्थरूप’, मग बोटभर कोरी जागा, मग ‘मातोश्री यांस’.

“इथे काय राहिलं?” साहेबांनी विचारलं.

“राह्यलं न्हाय, सायेब. सोडलंया.”

“का?”

“बा बसऱ्याला ग्येलाय. हाय का न्हाय, ठावं न्हाय.”

“मग ही जागा?”

“कळल्यावर लिवीन की.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी पेन उचललं आणि मायन्याचे मार्क कापले. नियम तो नियम. पुढचं पत्र मात्र त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. सिदू काठावर पास झाला. नादारी टिकली आणि मामाचा साचा त्या वर्षी तरी त्याच्यावाचून चालला.

त्यानंतर मी मायने शिकवले तेव्हा कोरी जागा सोडायलाही शिकवली. मार्क जातात, हे आधी सांगून. ज्याला सगळे शब्द येतात त्याला ती जागा दिसायला जरा वेळ लागतो, एवढं माझ्यापुरतं कळलं.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं, फळ्यावरच्या माझ्या मरणासकट. बायको भाकरी वाढता वाढता उठली, फणी-कुंकू ठेवायच्या फणेरपेटीच्या आरशात बघून कपाळावरचं कुंकू ठळक केलं आणि पुन्हा येऊन बसली. मग म्हणाली, “पोरगा सुट्टीत गावी जाईल तेव्हा इकडून जायला सांगा. त्याच्या आईला कुंकवाची पुडी द्यायचीय. कुंकू द्यायला सरकारचा कागद लागत नाही.”