जावई, धाकटा आणि सावंतमामांचा शेवटचा सोमवार

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. घरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साठतात ना, तसे ते साठतात. कुठून आल्या कळत नाही, आणि टाकवतही नाहीत! आमच्या ग्रुपचे असेच ढीगभर साठलेत.

आम्ही चौघं शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत. सावंतमामा रिगिंग फोरमन, म्हणजे क्रेनने अवजड माल उचलणाऱ्या गँगचे मुकादम. कणकवलीकडचे, बावीस वर्षं गल्फात. कुलकर्णी प्लॅनिंग इंजिनिअर. नीलेश स्टोअरमध्ये, साताऱ्याचा, आमच्यात सगळ्यात लहान. मी क्यूसीत, म्हणजे तयार माल तपासायला. आणि चौघांना वेड कशाचं, तर अमेरिकन फुटबॉलचं!

आमचा अमेरिकन मॅनेजर बदलून जाताना त्याचा भलामोठा टीव्ही मामांना देऊन गेला. अट एकच, "टीव्ही तुमचा, पण माझी टीम सोडायची नाही." टीमचं नाव सांगत नाही. हरणाऱ्यांची आणखी बदनामी कशाला!

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे सर्वेसर्वा. बॉल आधी त्याच्या हातात येतो, पुढे कोणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. आमच्या टीमकडे असे दोन होते. एक महागडा, मोठ्या नावाचा, दर मॅचला माती खाणारा. तरी कोच त्याला हात लावत नसे. सगळे लाड बघून आम्ही त्याचं नाव ठेवलं जावई. दुसरा कोवळा पोरगा, सीझनभर बाकावर बसून टॉवेल चावणारा. तो धाकटा.

मामा पहिल्या दिवसापासून धाकट्याच्या बाजूने. डिसेंबरात त्यांचा व्हिसा संपणार होता, मग कायमचं गाव. गावी ना ते चॅनेल, ना तसलं इंटरनेट.

"जावच्या आधी एकदा त्या पोराक खेळताना बघूचा आसा, बस," एवढंच त्यांचं मागणं होतं. पण कोच ऐकेल तर ना!

*

मॅच आमच्याकडे रविवारी रात्री उशिरा असते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला कंपनीची बस. म्हणून आम्ही मॅच रेकॉर्ड करून सोमवारी संध्याकाळी मामांच्या फ्लॅटवर बघायचो. तोवर निकाल कळू द्यायचा नाही, हा कायदा!

एका सोमवारी क्लायंटचा अमेरिकन इन्स्पेक्टर यार्डात आला. आल्या आल्या मला म्हणाला, "काय, कालची मॅच बघितलीत?"

त्याचं पुढचं वाक्य यायच्या आत आम्ही चौघांनी इअर मफ कानांवर चढवले. सगळे ग्राइंडर बंद होते. टाचणी पडली तरी ऐकू आली असती! तो हातवारे करून बोलतोय, आम्ही गंभीर चेहऱ्याने माना डोलावतोय.

पुढच्या महिन्यात सेफ्टी डिपार्टमेंटने आम्हाला सर्टिफिकेट दिलं. कानांच्या सुरक्षेबाबत आदर्श वर्तन!

*

कुलकर्णी पक्का जावयाच्या बाजूचा. माणूस प्लॅनिंगचा, त्यामुळे एक्सेलशिवाय त्याला घास उतरत नाही. एकदा त्याने दोन्ही क्वार्टरबॅकचे आकडे मांडून प्रिंट काढली आणि मामांसमोर धरली.

"मामा, भावना बाजूला ठेवा. डेटा बघा. ऑन पेपर जावईच बेस्ट आहे. कोच बरोबर करतोय."

मामांनी चष्मा लावला. पानभर आकडे शांतपणे बघितले आणि कागद परत दिला.

"ओ कुलकर्णी, क्रेनान किती वजन उचलूचा तो चार्ट केबिनीत चिकटवलेलो असता. वारो भायर असता!"

त्या संध्याकाळी जावयाने तीन वेळा बॉल नेमका समोरच्या टीमच्या हातात दिला. कुलकर्णी मॅच संपेपर्यंत त्याच प्रिंटवर भजी घेऊन खात बसला होता.

*

संध्याकाळी हमरियाहून शारजाला येताना ट्रॅफिकमध्ये बस मुंगीच्या पावलांनी चालते. त्यात आमची चर्चा. जावयाला काढा, धाकट्याला आणा, कोचला अक्कल नाही, रोज तेच! बसचे ड्रायव्हर खानभाई पेशावरचे. तीन महिने त्यांनी आरशातून आमच्याकडे बघत गप्प ऐकून घेतलं.

एके दिवशी सिग्नलला बस थांबली तेव्हा ते मागे वळले. चेहरा अगदी कळवळलेला.

"मामा, बुरा मत मानना. घर का मामला है, मुझे बोलना नहीं चाहिए. लेकिन जमाई इतना नुकसान करता है तो साफ बोलो, खलास! छोटे को मौका दो. अपना ही बच्चा है."

बसमध्ये आम्ही हसून हसून लोळलो. मामा मात्र उठून पुढे गेले आणि खानभाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "पूरे गल्फ में तुम अकेला समझदार आदमी है!"

*

माझी बायको आमच्यात एकदाच मॅच बघायला बसली. या खेळात दर धावेनंतर सगळे थांबतात, गोल करून उभे राहतात, कोच कानात काहीतरी सांगतो, पंच येतात, पट्टी लावून मोजतात. मग पुन्हा पाच सेकंद धावाधाव.

तिने अर्धा तास बघितलं आणि पर्स उचलली. "काम कमी, मीटिंगा जास्त. तुमची कंपनीच आहे की ही! दिवसभर तेच करून घरी येऊन पुन्हा तेच बघता?"

आमची दहा वर्षांची इरा, जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आई, यू आर नॉट राँग."

*

कंपनीची पिकनिक खोर फक्कानला गेली तेव्हा मामांना हुक्की आली. बीचवर मॅच लावायची! समोर अकाउंट्समधली केरळी मंडळी, त्यांना बिचाऱ्यांना नियमसुद्धा माहीत नव्हते. आमचे कोच अर्थातच मामा.

नीलेश आनंदाने उड्या मारत होता. त्याचा हात चांगला. स्टोअरमध्ये वरच्या रॅकवर हेल्मेट फेकून फेकून नेम तयार झालेला. त्यात तो आमच्यातला सगळ्यात लहान. मामा महिनोन्‌महिने एकच तर घोकत होते, तरण्या पोराला चान्स द्या!

मामांनी टीम जाहीर केली. क्वार्टरबॅक, स्वतः मामा. नीलेश बाहेर.

"मामा, अहो मी?" नीलेश रडवेला झाला.

मामांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, बॉल काखेत धरला आणि म्हणाले, "तू बस रे. आजची मॅच महत्त्वाची आसा!"

आम्ही सपाटून हरलो. कुलकर्णी दुसऱ्या दिवशी कोणाला काही न विचारता मामांच्या नावाची एक्सेल करून आला!

*

आणि मग तो सोमवार. मंगळवारी सकाळी मामांचं विमान. सीझनभर धाकटा एक मिनिटही खेळला नव्हता. मामांच्या बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या, पण मामांचा सगळा जीव टीव्हीत.

त्यात सकाळीच एक घोळ झालेला. नीलेशच्या न्यूजर्सीतल्या चुलतभावाने त्याला निकाल मेसेज करून टाकला. आमच्याकडे याला एकच शिक्षा. ज्याला निकाल कळला त्याने किचनमध्ये बसायचं. कारण तोंड बंद ठेवता येतं, चेहरा कसा बंद ठेवणार! नीलेश मुकाट्याने चहाच्या पातेल्याशी जाऊन बसला.

मॅच शेवटाकडे आली. आमची टीम चार पॉइंटने मागे. आणि जावयाचा पाय मुरगळला! कोचने बाकाकडे बघितलं. धाकट्याने तोंडातला टॉवेल काढला आणि हेल्मेट घातलं.

मामा उठून उभे राहिले. आम्हीही राहिलो. कुलकर्णीसुद्धा!

पोराने काय फेक केली हो! एक लांब, दुसरी त्याहून लांब. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बघता बघता टीम गोलरेषेजवळ पोचली. वेळ संपत आलेली, शेवटचा एकच चान्स. रेषा ओलांडली तर जिंकलो, नाही तर घरी.

मामांनी रिमोट उचलला आणि मॅच पॉझ केली. हात जोडले आणि थेट गाऱ्हाणंच घातलं! कोकणात एकजण देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे हुंकार देतात, तसं.

"बा देवा रवळनाथा! ह्यो पोरगो आज परमुलखात उभो आसा. तेच्या वाटेत जा काय वाकडा-नाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"कोचाक उशिरा का होईना बुद्धी दिलंस, आता तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज किचनमधून आला.

निरोपाला माझ्याबरोबर आलेल्या इराने मामांचा शर्ट ओढला. "बट मामा, द गेम इज ऑलरेडी ओव्हर! इट हॅपन्ड यस्टरडे!"

मामा म्हणाले, "बाय माझे, देवाक काल नसता आणि आज नसता. तो आपल्या ड्युटीर आसता."

प्ले दाबलं. धाकट्याच्या हातात बॉल आला. तो दोन पावलं मागे सरला, हात वर उचलला, आणि...

लाइट गेली! टीव्ही बंद, एसी बंद, सगळा फ्लॅट काळोखात. खिडकीतून बघितलं तर समोरची बिल्डिंग झगझगीत.

नीलेश मोबाइलचा टॉर्च लावून किचनमधून धावत आला. "मामा, आता नियम गेला खड्ड्यात, मी सांगतोच. जिंकलो! धाकट्याने मॅच मारली, मामा!"

अंधारात आम्ही जो काही धुडगूस घातला! कुलकर्णी मामांना मिठी मारून रडत होता. पाच मिनिटांनी लाइट आली तेव्हा मी रिमोट उचलला. "मामा, शेवटची फेक बघूया का?"

"नको," मामा म्हणाले. "बघूचा होता ता बघलंय मी."

मंगळवारी सकाळी शारजा एअरपोर्टवर मामा एकेकाला भेटले. इराच्या डोक्यावर हात ठेवला, कुलकर्णीच्या हातात हात दिला. शेवटी नीलेशला जवळ ओढून बराच वेळ पाठीवर थोपटत राहिले.

मग ट्रॉली ढकलत आत निघाले. दारापाशी थांबून वळले.

"नील्या, पुढच्या वेळेक मेन स्वीच जरा हळू दाब. खटको हॉलात आयकाक येता!"