पप्पांसाठी लावलेलं संगीत

माझ्या धाकट्या काकांच्या मते संगीत नसेल तर जगात बघण्यासारखं काहीच नाही. दिवसभर पर्वत पाटिया भागातल्या दुकानात साड्या उलगडून दाखवतात आणि गोडादऱ्यात घरी आले की नातेवाइकांचे व्हिडिओ उघडून बसतात. बारसं असो, साखरपुडा असो की कुणाची नवी स्कूटर, प्रत्येकाला काका पार्श्वसंगीत देतात, तेही माणसाची चाल बघून. एका होणाऱ्या जावयाला त्यांनी भर उन्हात गच्चीवर चालायला लावलं. "जावईबापू, फार घाईत चालता. तुम्हाला सनई झेपायची नाही!" असं म्हणून ढोलकी लावली, आणि तो गोंधळलेला मुलगा व्हिडिओत चक्क रुबाबदार दिसला. हे त्यांना कसं जमतं, मला अजून कळलेलं नाही.

पप्पांनी कापड विणायच्या लूमचं काम सोडलं तेव्हा त्यांच्या साठीच्या समारंभात दाखवायला व्हिडिओ करायचं ठरलं. शूटिंग मी केलं. कॅमेऱ्यामागे फारसं बोलावं लागत नाही. पण लूमच्या खडखडाटात पप्पांचे कान गेलेत. कानाशी ओरडलं तरच त्यांना ऐकू येतं, आणि मला ओरडणं जमत नाही.

"ज्यांचा व्हिडिओ त्यांनाच ऐकू येणार नाही, मग संगीत कशाला?" मम्मी म्हणाली.

काका दुखावले. "वहिनी, भाऊंना मुका व्हिडिओ दाखवू? मी?"

मग काका कानांत कापूस कोंबून, वर मफलर गुंडाळून, ऐन मे महिन्यात एकेक धून ऐकायला बसले. काकू गॅस संपला म्हणून हाका मारून दमली. काका आपले, "बासरी गेली. सनईपण गेली," एवढंच बोलायचे. कापसातून पोचेल ते पप्पांपर्यंत पोचेल, हा त्यांचा हिशोब. शेवटी गावाकडच्या होळीचा ढोल तेवढा टिकला. "हा कानात नाही, छातीत वाजतो," म्हणत त्यांनी मंडपवाल्याकडून माझ्या खांद्याला लागेल एवढा स्पीकर उचलून आणला आणि समारंभाच्या हॉलमध्ये पप्पांच्या खुर्चीला चिकटवून ठेवला.

"भाऊ, हात ठेवा इथे."

पप्पांनी तळवा टेकला. व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावर ते तुटलेला धागा जोडत होते. खुर्चीत मात्र हलत नव्हते. काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पप्पांच्या बोटांवर होती. मग एक बोट हललं. मग सगळी हलली, मानसुद्धा. पप्पांनी मला ओढून माझा हात स्पीकरवर दाबला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "तुले आयकू येस का?"

मी मान डोलावली.

"शेवटी ढोल जरा लवकर थांबवला मी," काका नंतर हळहळत म्हणाले. पडदा काळा झाला होता. लोक जेवायला उठले होते. पप्पांचा हात अजून स्पीकरवरच होता.