दुखण्याची आणेवारी

मंगळवारी सकाळी आई मोरीत पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली.

एवढ्या चार ओळी लिहायला मला चार महिने लागले. पुढचं लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण ते लिहायचं म्हणूनच बसले आहे.

मी नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आई तिसगावजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची. नगरला ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या घरात पुस्तकं बसल्यात, मी कुठं बसू?" त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला गोधडीवर घालून जीपमधून नगरला आणलं. मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. जीप खड्ड्यातून गेली तेव्हा ती ओरडली का, असं मी विचारलं. चालवणारा म्हणाला, "न्हाई ताई. फक्त गप झाली."

वॉर्डात तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडलेला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. चादर सरळ करायला कोणी हात लावला की तिचा श्वास मधेच थांबायचा. आवाज नाही. पुन्हा श्वास सुरू झाला की ती विचारायची, "तू जेवलीस का?"

पलीकडच्या खाटेवर काष्टी गावच्या एक बाई होत्या. आईच्याच वयाच्या, तेच हाड मोडलेलं, फक्त डाव्या बाजूचं. त्या आठवडे बाजारातून येताना पडल्या होत्या आणि आपल्या पडण्याची हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. दुखलं की सगळ्या मजल्याला कळायचं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तिशीच्या असतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि नीट समजावून सांगितलं. शस्त्रक्रियेसाठी पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा. पण त्या सुईसाठी पेशंटला बसवावं किंवा कुशीवर वळवावं लागतं, आणि मोडलेल्या खुब्याला नेमकं तेच सोसत नाही. म्हणून त्याआधी नसा बधिर करणारं एक इंजेक्शन द्यायचं. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकात जांघेजवळ, स्नायूवरच्या पडद्याखाली औषध सोडतात. ते पसरत जातं आणि मांडी बधिर होते. पाय जड पडतो, पुढचा दिवसभर आपला वाटत नाही. दुसऱ्यात सुई आणखी खोल, सांध्यापाशी नेतात. तिथे सांध्याकडे जाणाऱ्या बारीक नसा तेवढ्या झोपतात, पाय मात्र हलवता येतो. दोन्ही सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत देतात.

"आई रक्त पातळ करायची गोळी घेतात," त्या म्हणाल्या. "गोळी सौम्य आहे, पाठीतली सुई चालेल. पण सांध्यापाशी खोल सुई मी टाळेन. त्यांना पहिलं."

"आन मला कंचं?" काष्टीच्या बाईंनी पलीकडून विचारलं.

"तुम्हाला दुसरं, आजी."

"भारीतलं का हलक्यातलं?"

"दोन्ही भारीच आहेत."

"मंग दोन्ही द्या की."

आई हसली. हसताना खुबा हलला असणार, कारण तिने लगेच डोळे मिटले.

मग डॉक्टरांनी आईला विचारलं, "आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. "दहा कशाचं?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. आईला ते कळेना. दुखण्याला आकडा असतो, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिथे मला ते सुचलं. मी म्हणाले, "आई, आणेवारीसारखं सांग. सोळा आणे म्हणजे पुरं दुखतंय. काहीच नसलं तर काही नाही."

तिचा चेहरा उजळला. "बारा आणे आसंल."

डॉक्टरांना आणेवारी माहीत नव्हती, म्हणून मी सांगितली. आमच्या कोरडवाहू भागात पीक किती आलं ते आण्यांत मोजायची जुनी रीत आहे. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. आठ आण्यांच्या खाली गेलं की गावाला दुष्काळी मदत मिळण्याची आशा. सरकारी कागदावर आता पैसेवारी लिहितात, पण माणसं आणेवारीच म्हणतात. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "मग आपण रोज आणेवारी लिहायची. तुम्हीच लिहा, मॅडम. मी आकड्यांत बसवीन."

मला बरं वाटलं. हे कबूल केलं पाहिजे. त्या वॉर्डात मी काही उपयोगाची झाले होते. खालच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या. तारीख, वेळ, आणे.

आई शाळेत गेली नव्हती. मी लहान असताना दिवाळीनंतर ती आणि वडील ऊसतोडीला जायचे आणि मी वसतिगृहात राहायचे. उन्हाळ्यात परत आली की ती माझ्या वह्या मागायची. पान न् पान उलटायची. वाचता येत नव्हतं, म्हणून तिची एकच कसोटी होती. "खाडाखोड न्हाई ना?" नसली की वही कपाळाला लावून परत द्यायची. शब्द खोडलेला दिसला तर काही बोलायची नाही, फक्त त्या जागेवर अंगठा फिरवायची. मी पुढे पुढे पेन्सिलीने कच्चं लिहून मग शाईने गिरवू लागले, ते त्या अंगठ्यामुळे.

गुरुवारी आत नेण्याआधी आईला ते इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं आणि तिचा श्वास थांबला नाही. मला दारातून बघू दिलं होतं. "किती आणे?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "चार." मी चार लिहिले. ते चार खरे होते, असं मला आजही वाटतं. कारण मी तिचं तोंड पाहिलं होतं.

काष्टीच्या बाईंची शस्त्रक्रियाही त्याच दिवशी होती. इंजेक्शनाआधी विचारलं तेव्हा त्यांनी "सोळा! सोळाच्या वर न्हाई का काय?" असं सांगितलं होतं, आणि नंतर "सहा, पर डावा पाय हालतोय बघा," असं.

दुसऱ्या दिवशी आईच्या पायातला जडपणा गेला. "लाकडाचा ओंडका हुता, आता पाय झाला," ती म्हणाली. म्हणजे औषधाचा असर उतरला होता. डॉक्टर आल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे. "तीन आणे," ती म्हणाली.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. मला बाजूला घेऊन सांगितलं, की दुखण्यावरची जोरकस औषधं या वयात जपून द्यावी लागतात. ग्लानी येते, पोट बिघडतं, श्वासावर परिणाम होतो. तीन आण्यांवर साधी गोळी पुरेल. आता महत्त्वाचं म्हणजे उठवणं. लवकर उभ्या राहिल्या नाहीत तर छातीत कफ साठतो, आणि या वयात त्यातून बाहेर काढणं अवघड जातं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं.

दुपारी व्यायाम करून घेणाऱ्या बाई वॉकर घेऊन आल्या. आई म्हणाली, "आज अंगात कसकस हाय. उद्या." पलीकडे काष्टीच्या बाईंनी आधी औषध मागितलं, ते आल्यावर हाड बसवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शिव्या देत देतच चार पावलं चालल्या.

शनिवारी आईला चक्कर येत होती. रविवारी ती म्हणाली, "जेवण बसलं न्हाई पोटात." आणे तिनाचे दोन झाले होते. सकाळी दोन, दुपारी दोन.

मी खाटेशेजारी बसून मोबाईलवर त्या दोन इंजेक्शनांची तुलना करणारे लेख वाचत होते. मला तीच सवय आहे, काही कळेनासं झालं की वाचत बसायची. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. कोणी याला किंचित बरं म्हणत होतं, कोणी त्याला. मी विचार करत होते, की आईला दुसरं दिलं असतं तर ती काष्टीच्या बाईंसारखी चालली असती का. त्या सगळ्या लेखांत दुखण्याचा जो आकडा होता, तो शेवटी पेशंटने तोंडाने सांगितलेलाच होता. हे मी वाचलं आणि पुढे गेले.

सोमवारी आईने पुन्हा "उद्या" म्हटलं. तेव्हा मी आवाज चढवला. "दोनच आणे दुखतंय ना? मग उठायला काय झालं? यांच्याकडे बघ. यांना तुझ्यापेक्षा जास्त दुखतंय, तरी उठतात."

"नको वरडू गं तिला," काष्टीच्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही मधे पडू नका, मावशी."

आई छताकडे बघत म्हणाली, "उठते की. उद्या नक्की."

मंगळवारी तिला खोकला सुरू झाला. गुरुवारी ताप आला आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे तोंडावर मास्क होता, म्हणून तिला काही सांगता येत नव्हतं, आणि मला वही आत नेऊ देत नव्हते.

ती गेल्यावर सगळं झालं, जसं होतं तसं. दीड महिन्याने मी एक वॉकर हॉस्पिटलला देऊन टाकायला गेले. आईसाठी घेतलेला, न वापरलेला. बाहेरच्या बाकावर काष्टीच्या बाई एक्स-रेसाठी थांबल्या होत्या, हातात काठी. आई गेल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मला जवळ बसवून घेतलं.

मग म्हणाल्या, "पोरी, तुला सांगावं का न्हाई कळंना. तुझ्या आईला लई दुखत हुतं."

मी म्हणाले, "दोन आणे म्हणायची."

"तुझ्यापुढं म्हनायची. तू डबा धुवायला गेलीस की चादरीचा बोळा तोंडात धरायची. म्या म्हनलं, अगं बाई, सांग की त्यास्नी. माझ्यावानी बोंबल. तर म्हनली, त्या डाक्टरीनबाईनं एवढं जपून सुई दिली, आता दुखतंय कसं म्हनू? पाहुनचार केलेल्याला कालवन खारट झालं म्हनतंय का कोन?"

"आणि?"

त्यांनी काठी बाकाला टेकवली. "म्या म्हनलं, मंग लेकीला तरी सांग. तर म्हनली, तिनं चार लिवलंय, तीन लिवलंय. आता आठ-दहा सांगितलं तर तिला खोडावं लागंल."

मी उठून आत गेले. भूल देणाऱ्या डॉक्टर भेटल्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, की दुसरं इंजेक्शन दिलं असतं तर? "सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दोन्हींचा असर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर आम्ही पेशंट सांगेल त्यावर चालतो. मी त्यांच्या तोंडाकडे जास्त बघायला हवं होतं." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची समजूत घालता आली नाही.

घरी परतताना मला आमच्या शेतातली एक सकाळ आठवली. मी आठेक वर्षांची होते. तलाठी आणि पंच बाजरी बघायला आले होते. त्यांनी आईला अंदाज विचारला आणि ती म्हणाली, "चार आणे बी न्हाई." कणसं माझ्या डोळ्यांपुढे होती. ते गेल्यावर मी म्हणाले, आई, जास्त आहे की. ती म्हणाली, "आणेवारी कमीच सांगायची असती, येडे."

म्हणजे मला ते माहीत होतं. आमच्या गावात आणेवारी कधीच कोणी खरी सांगत नाही. पीक कमी सांगितलं की मदत येते. दुखणं कमी सांगितलं की येणारी मदतही थांबते. सोळा आण्यांचं माप तिच्या हातात मी दिलं, आणि मग त्या मापाने ती जे बोलली त्यावर मी तिला बोलले.

काष्टीच्या बाई आता काठीशिवाय चालतात, असा त्यांचा फोन आला होता.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीत अकरा नोंदी आहेत, सगळ्या माझ्या अक्षरात. एकही खोडलेली नाही.