दोन खतं आणि तात्यांचा पट्टा

मी मराठीचा प्राध्यापक आहे आणि घरच्यांनी मला अजून मारलेलं नाही, यावरून आमची माणसं किती सोशिक आहेत ते कळावं.

आमच्या विहिरीची वाट शेजारच्या तात्यांच्या जमिनीच्या पट्ट्यातून जाते. तो पट्टा मिळावा म्हणून वडिलांनी इतके जोडे झिजवले, की माझं लग्न त्यापुढं घाईत उरकल्यासारखं वाटतं. अखेर तात्या हो म्हणाले. खरेदीखत करायला आम्ही नगरला कचेरीत आलो.

आमच्याकडं रीत आहे : सही होईस्तोवर विकणाऱ्यापुढं रानाचं नाव काढायचं नाही. मन फिरतं. नंबर लागायला अवकाश होता. वडिलांनी मला बाजूला घेतलं.

"तात्यापाशी बस. काय बी बोल, पर रानाचं न्हाई."

"मग काय बोलू?"

"कालिजातलं बोल. त्यानं आजवर कुनी जागं झालेलं न्हाई."

मी तात्यांना चहा दिला आणि सुरू झालो. (रानाचं नाव काढलं नाही. खताचं काढलं.)

"तात्या, खरेदीखतातलं खत आणि शेणखतातलं खत दिसायला जुळी, पण रक्ताचं नातं नाही. पहिलं अरबी. फारसीच्या घोड्यावर बसून आलं. मूळ अर्थ रेघ, लिखाण. दुसरं घरचं. संस्कृत 'खात', म्हणजे खणलेला खड्डा, त्यातून आलेलं."

"म्हंजी उकिरड्यातलं आपलं?"

"अस्सल आपलं."

"आन् कचेरीतलं?"

"पार वाळवंटातलं."

तात्यांनी कप खाली ठेवला. "निस्ता मुरूम हुता रं त्यो पट्टा. आमच्या म्हातारीनं पाटी पाटी शेणखत टाकून त्याची माती केली." त्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. वर्गात इतकं लक्ष कोण देतं?

तेवढ्यात आतून पुकारा झाला. तात्या उठले, धोतर झटकलं आणि थेट एसटी स्टँडची वाट धरली.

"तात्या, सही ऱ्हायली की," वडील म्हणाले.

"न्हाई करत. तुज्या पोरानं डोळं उघडलं. लई शिकलाय."

घरी येऊन वडिलांनी सगळं सुनेला सांगितलं. बायको बोलली. "गप्प बसायचा पगार कुठं मिळतो का, बघा जरा."

तात्यांनी आता पट्ट्याला पुन्हा खत घालायचं मनावर घेतलंय. जनावरं त्यांच्याकडं नाहीत. निदान वाट तरी बंद होऊ नये म्हणून वडिलांनी आमचा उकिरडा त्यांना देऊन टाकला, आणि वाहायला मला दिलं. 'खत' नेमकं 'खात'वरूनच आलं का, यावर विद्वानांत मतभेद असू शकतात. पाटी डोक्यावर घेतल्यापासून मी एवढंच सांगतो : वास निर्विवाद आहे.